केक भिजू दे

दा नांगला आमच्या ग्रुपसाठी
साडेआठला ‘इंडियन टी’ यायचा,
ठाण्याच्या टूरवाल्याने तसं छापूनच दिलं होतं.
मला जाग पाचला.
घणसोलीची सवय, पाणी पाचलाच येतं.

म्हणून खाली उतरले, चपला हातात घेऊन.
गल्लीत, पालथ्या बादलीएवढ्या स्टुलावर एक बाई.
नाव लिएन. माझ्याच वयाची असेल.
दाढ दुखत असावी, गालाला हात.

तिच्यापुढे काचेचा पेला, तळाशी दोन बोटं घट्ट दूध,
पेल्यावर ॲल्युमिनियमचं भांडं, टोपीसारखं बसवलेलं,
त्यातून काळा थेंब.
मग काही नाही.
मग थेंब.
देवळातली गळती आठवली मला, पण इथे खाली
देव नव्हता, मिल्कमेड होतं.

मी बोटाने विचारलं, तिने बोटाने शिकवलं.
पहिल्या दिवशी मी आतली चकती करकचून दाबली,
थेंब आलाच नाही.
दुसऱ्या दिवशी सैल सोडली,
धो धो खाली, उसाच्या रसासारखं,
आणि ती दुखरी दाढ विसरून हसली.
तिसऱ्या दिवशी तिने माझ्या अंगठ्यावर
स्वतःचा अंगठा ठेवला. इतकंच. एवढा भार.
चौथ्या दिवशी बस पहाटेच सुटली.
परीक्षा राहिली माझी.

संध्याकाळी फोनवर यांना सगळं सांगितलं, लिएन, दाढ, चकती.
पलीकडून ‘हं’.

तो भार मी विमानातून आणला.
कस्टमवाल्याला दाखवण्यासारखं काही नव्हतं.

घरी, ओट्यावर, नेरूळच्या मणीच्या दुकानातली कॉफी.
चिकोरी नको म्हटलं तरी थोडी आहेच.
पेला गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवला, तिच्यासारखा.
तेवढ्यात हे आले.
कंपनी बंद पडल्यापासून स्वयंपाकघरात
यांचं येणं फक्त बीपीच्या गोळीपुरतं.

मी पातेलं उचललं.
‘थांब,’ म्हणाले. ‘एकदम नको ओतू.
आधी थोडं. केक भिजू दे.’

कसला केक?

‘जाळीवर थर बसतो ना, तो केक.
तो फुगला पाहिजे. त्याला चीर पडता कामा नये.
चीर पडली की पाणी पळवाट काढतं,
मग खाली येतं ते नुसतं मचूळ.’

सव्वीस वर्षं फिल्टर प्रेस चालवला यांनी,
रबाळ्याला, रंगाच्या कारखान्यात.
मला ठाऊक होतं ते एवढंच:
सोमवारी निळा रुमाल, गुरुवारी पिवळा,
आणि अभ्र्यावर उतरलेला कानामागचा रंग.
आत नक्की काय करतात, मी विचारलं नाही.
डब्यात भाजी कुठली एवढंच आमचं बोलणं.
आता त्या जागी काचेची इमारत आहे,
आमचा जावई तिच्या नवव्या मजल्यावर बसतो.

यांनी चकतीवर अंगठा ठेवला.
मी बघत होते.
भार तोच. गुंजभर कमी नाही, गुंजभर जास्त नाही.

मग झाकण. मग दोघं ओट्याशी उभे.
पाच मिनिटं गप्प राहणं आमच्यात नवं नाही,
पण एकाच ठिकाणी नजर लावून
टप्.

टप्.

यांनी सवयीने घड्याळ पाहिलं.
‘बरोबर चाललंय,’ म्हणाले,
पुढच्या पाळीच्या माणसाला म्हणत असतील तसं.

पहिल्या घोटाला तोंड वाकडं. ‘फारच गोड.’
पेला मात्र खाली ठेवला नाही.
तळाचं दूध चमच्याने वर काढत,
माझ्याकडे न बघता,
‘त्या बाईच्या दाढेचं पुढे काय झालं गं?’