अर्धी विडी

यंत्रात एक बाई राहते, ध्वनिमुद्रित.
श्वास घ्या, म्हणते. सोडा. थांबवा.
तिचं मराठी फार इस्त्रीचं,
आणि विडी घरकुलातल्या भूलक्ष्मी गड्डम
ती सोडा म्हणते तेव्हा घेतात.

म्हणून पहिल्या खेपेला काळजावर काळीज उमटलं,
फिकट, बोटभर सरकलेलं,
रंग चुकला की लग्नपत्रिकेवर
दोन गणपती येतात तसं.
महाधमनीचे ठिपके ओळीनं, जिथं काहीच नाही तिथं.

"काळजाचाच फोटो ना?" त्यांनी विचारलं होतं.
हो म्हणाले.
काळीज म्हणजे यकृत, हे खाटकाला पक्कं ठाऊक असतं;
बाकीचे आपण उगाच छातीवर हात ठेवतो.

डॉक्टर हत्तुरे फोनवर: "कॉन्ट्रास्ट अजून दिलं नाहीस ना?
मग बाहेर काढ त्यांना. ते एकदाच मिळतं.
धमनीतली वेळ हुकली की आजचा दिवस हुकला."

बाहेर काढलं.
होटगी रोडवर मे महिना, दुपारी बारा,
पॅसेजमधल्या बाकाचं रेक्झिनसुद्धा तापलेलं.
श्वास भरून थांबा म्हटलं की खोकला येतो:
चाळीस वर्षांची तंबाखूची धूळ, ती कुठं जाणार?
मग सोडून थांबू, म्हटलं.
भरलेला श्वास दर वेळी वेगळा असतो,
रिकामा आपल्या जागी येऊन टेकतो.

काउंटरवरच्या श्रावणी म्याकलनं
माझ्या तळहातावर पेनानं लिहून दिलं:
ऊपिरी वदलु. बिगबट्टु.
माझी जीभ अक्कलकोटची, कानडी वळणाची,
'बिगबट्टु'ला ठेचकाळली.
भूलक्ष्मी हसल्या.
सकाळपासून कानापाशी चढलेले खांदे
तेव्हा कुठं खाली आले.

"किती वेळ धरायचा?"
पंधरा सेकंद हे उत्तर नव्हतं, त्यांच्या तोंडावर दिसलं.
एक विडी वळायला किती लागतो?
त्यांनी हवेतच पान घेतलं, जर्दा पसरला,
वळलं, आणि थांबल्या. "अर्धी. इथंपर्यंत.
दोरा नाही अजून."
इथंपर्यंत, म्हटलं. पण आत बोटं हलवायची नाहीत.
"बोटं कशाला? मनात."

बाकावर सहा अर्ध्या विड्या वळल्या आम्ही.

मग पुन्हा आत. पोटावर पट्टा.
औषधात सलाईन मिसळून पंप मंद लावला,
कारण घाईनं गेलं की कुणाकुणाचा दम
क्षणभर अडखळतो, आणि नेमका तोच क्षण आपला असतो.
ध्वनिमुद्रित बाईला गप्प केलं.
माइक दाबला. तळहात वाचला.

ऊपिरी वदलु.
बिगबट्टु.

पडद्यावरची श्वासाची रेघ उतरली, आडवी झाली,
आडवीच राहिली.
यंत्राची ठकठक, आणि काचेच्या अलीकडे
मीही श्वास धरून. त्याचा काही उपयोग नसतो.
दर वेळी धरते.

पुढच्या खेपेला त्या पुन्हा थांबलेल्या,
तेवढ्यात आधीची चित्रं वर आली.
कडा अशा, की नखानं उचलाव्यात.
आणि उजवीकडे, मागच्या बाजूला,
ज्वारीचा एक दाणा चमकत होता.
हललं असतं तर सावल्यांत मिसळून गेला असता.
मी त्या दाण्याकडे बघत राहिले.
वदलु म्हणायचं राहून गेलं.
सतरा. अठरा. एकोणीस.
त्यांनी दोरा बांधला असणार मनात,
मग आपणच सोडला.

बाहेर आल्यावर चप्पल शोधत म्हणाल्या, "बागुंदा?"
हा शब्द तळहातावर नव्हता, तरी कळला.
चांगलं आलं, म्हणाले.
न हलता आलं, एवढंच म्हणायचं होतं.
त्यांनी ते सगळंच्या सगळं घेतलं,
पदराला हात पुसले,
आणि चारच्या आत कारखान्यात विड्या द्यायच्या म्हणून
रिक्षाला हाक मारत उन्हात गेल्या.