गुडघ्याएवढं ठेवायचं

एझ्रा कीव्हिट्स यांचं कुंपण उत्तरेला तोंड करून आहे,
कारण आमच्याकडे ऊन उत्तरेकडून येतं.
बाकीच्या गल्लीने गुलाब लावले
आणि नळावरून वैर घेतलं.
त्यांनी लावला निळा चित्रक.
"झाड कसलं, उडाणटप्पू आहे," ते म्हणायचे,
"उन्हात बसवा, पाणी मोजून द्या,
फार विचारपूस करू नका."

जूनमध्ये दहिवर पडायचं तेव्हा मात्र
स्वतःची घोंगडी नेऊन त्याच्यावर टाकायचे,
आणि खोकायचे.

ऑगस्ट सरताना, थंडी बॉशबर्गवर परत चढली की
हातात कात्री, डोक्यावर रेल्वेची जुनी टोपी,
आणि अख्खं कुंपण गुडघ्याएवढं.
पहिल्या वर्षी मला रडू आलं होतं.
"जुन्या लाकडाला फूल धरत नाही, नोक्वेझी.
शाळेत शिकवत नाहीत हे."
मी शाळेतच शिकवते. लक्षात ठेवलं.

पुढे कधीतरी फुलं विटली.
म्हणजे ते म्हणाले, विटली.
"शंभरदा धुतलेल्या बनियनसारखी झालीत."
मग उपाय सुरू: चुलीतली राख, गंजके खिळे,
चहाचा चोथा, मेंढीच्या लेंड्या
सहा आठवडे पिंपात भिजवलेल्या
(त्या सहा आठवड्यांत आम्ही कुणी खिडकी उघडली नाही).
तारेवर कपडे घालता घालता सालोमी म्हणायची,
"एझ्रा, निळीच आहेत ती."
"तुला काय कळतंय रंगातलं?"
"चाळीस वर्षं गणवेश शिवलेत मी,"
दातात चिमटा धरून,
"निळीच आहेत."

हे भांडण मी नऊ उन्हाळे ऐकलं.
दहाव्या उन्हाळ्यात तिच्या बाजूने बोलायला
कुणी नव्हतं.
मी बोलू शकले असते. नाही बोलले.

फेब्रुवारीत त्यांना गेबेर्हाला नेलं,
डोळ्याच्या ऑपरेशनला. आधी उजवा.
डॉक्टरीण म्हणाली, इतका पिकलेला मोतीबिंदू!
आजोबा, सगळं जग चहातून गाळल्यासारखं दिसत असेल.
ते म्हणाले, जग आहेच तसं.
दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली.
परतीच्या वाटेवर ते फक्त पेट्रोलच्या भावाबद्दल बोलले.

गाडी थांबली. दार उघडं टाकून
ते सरळ कुंपणापाशी गेले.
ऐन बहर. भर दुपार.
एक डोळा झाकला. मग दुसरा.
मग पुन्हा पहिला,
दुकानदाराने दिलेली नोट उजेडात धरून बघावी तसं.
"हे कधीपासून?" त्यांनी मला विचारलं,
जणू घरात कुणी न सांगता राहून गेलं होतं.
मी म्हटलं, "पहिल्यापासून."

बराच वेळ उभे होते.
या फुलांच्या बुडाशी चिकटा असतो,
गल्लीतल्या पोरी ती कानाला चिकटवून
डूल म्हणून मिरवतात.
त्यांच्या बाहीला सात-आठ चिकटली.
झटकली नाहीत.
रात्री त्यांच्या घरात दिवा लागला नाही,
आणि मी जेवण घेऊन दारापर्यंत जाऊन परत आले.

ऑगस्टमध्ये कात्री निघाली, टोपी निघाली.
सगळं गुडघ्याएवढं,
एक फांदी सोडून. वाळणाच्या तारेपाशी,
जिथे ती उभी राहायची, तिथली.
"ही चुकून राहिली का?" मी विचारलं.
"हो," ते म्हणाले, "चुकून."

जानेवारीत कुंपण असं निळं झालं
की पाववाला सायकल थांबवून बघायचा.
आणि ती एक फांदी?
लांबलचक, काटकुळी, तारेवर रेललेली,
शेंड्याला चार पानं. फूल एकही नाही.

काल संध्याकाळी ते तिच्यापाशी उभे होते.
मला वाटलं, आता कापतील.
"बरं," असं म्हणाले. थोडं थांबून,
"बरं, बरं. निळीच होती."

आणि तारेवरचा ओला शर्ट
फांदीला धक्का न लावता
जरा पलीकडे सरकवला.