वाकडा चिमटा

बटाटे शनिवारीच सोलायचे,
सायकल कुलपात, सुया डब्यात,
कोंबडासुद्धा टोपलीखाली.
झीलंडच्या बांधाआड, आमच्या गावात
रविवार असा पाळतात.

पण आई पहाटे ओली झाली.
नव्वदीचं शरीर, त्याला वार कुठला कळायला?
चादर धुतली, दोन पाण्यांतून काढली.
आतच वाळत घालणार होते,
पण ऊन बाहेर होतं,
दोरीही.

उपासनेहून परतताना वडीलजन क्रेइन थबकले.
काळा कोट, बगलेत स्तोत्रांचं पुस्तक.
मी मनात उत्तरं जुळवू लागले:
विहिरीत पडलेला बैल,
शब्बाथाला मोडलेली कणसं...
तेवढ्यात वाऱ्यानं एक चिमटा उडाला.

ते वाकले. गुडघा करकरला.
चिमटा कोटाला पुसला
आणि माझ्या हाती न देता
स्वतःच लावला, जरा वाकडा.
"लेउन्ये झोपली का?"
एवढंच.

झोपली होती.
कोरड्या अंथरुणात, तोंड उघडं,
सहा दिवसांचं सगळं काम आटोपून
कुणी टेकावं तशी.

मीही टेकले पायरीवर,
बोटं अजून साबणानं सुरकुतलेली.
मंडळीत उद्या बोलतील ते बोलोत.

मागे टोपलीत कोंबडा आरवला.
उठले,
टोपली तेवढी उचलली.