आधी दुबळा हात

वर्गात एक प्लास्टिकचा माणूस होता,
त्याला आम्ही पंधरवडाभर आंघोळ घातली.
डोळे पुसायचे नाकाकडून कानाकडे,
दुसऱ्या डोळ्याला फडक्याची नवी बाजू.
पाणी आधी आपल्या कोपराला विचारायचं.
तो कधी लाजला नाही, कधी म्हणाला नाही गार लागतंय,
म्हणून आम्हाला वाटलं, आम्हाला येतं.

मग कुमावत सिस्टरनी आम्हालाच खाटेवर निजवलं.
माझ्या डोळ्यांवर पट्टी, तरन्नुम मला खिचडी भरवत होती.
चमचा कधी येईल ते कळेना,
आला तेव्हा दातावर आपटला.
वीस मिनिटं.
मी रडले नाही, पण नंतर डबाही उघडला नाही.
वहीत लिहिलं: आधी सांगायचं, मग हात लावायचा.
खाली दोनदा रेघ.

भुसावळच्या मे महिन्यात
खिडकीचा गज मात्र न सांगताच भाजतो.
कूलरच्या वाळ्याला दुपारी तीनला पाणी,
खाटेखाटेवर घोट घोट पाणी,
कुणी किती प्यायलं, किती लघवी झाली, रंग कसा,
सगळं तक्त्यावर.
म्हातारपणी तहान लागत नाही म्हणे, फक्त माणूस सुकतो.

तिसऱ्या खाटेवर झिपरू आप्पा,
रेल्वेतले पॉइंट्समन, मूळ धरणगावकडचे,
डावी बाजू गेलेली.
मी पडदा ओढला. चादर वर तशीच ठेवली,
जेवढं पुसायचं तेवढंच उघडलं.
"आप्पा, आता पाय पुसते."
ते पंख्याकडे बघत राहिले.
"नातना वयनी शेस तू," एवढंच म्हणाले,
आणि डोळे मिटून घेतले,
मला नाही, स्वतःला दिसू नये म्हणून.

सदरा घालताना मी चुकले.
चांगला हात आधी घातला बाहीत
आणि दुबळ्यासाठी कापड पुरेना.
पाठ होतं मला,
घालताना आधी दुबळा, काढताना आधी धड,
तोंडी परीक्षेत पटकन सांगितलंही होतं.
हातांना पाठ नव्हतं.

आप्पांचं तोंड वाकडं, शब्द ओले:
"मालगाडी पह्यले लूपमा टाक, पोर.
मंग मेल सोड."

मला वाटलं, भ्रम झालाय. तक्त्यावर तसंच लिहिणार होते.
सिस्टर हसल्या, म्हणाल्या, बाही बघ.
जड, सावकाश, आधी बाजूला नीट उभं करायचं.
धावणारं काय, निघून जातं आपलं आपण.

तेव्हापासून कूस बदलायचं आमचं वेळापत्रक झालं.
दर दोन तासांनी.
दहाला डावी, बाराला उताणं, दोनला उजवी,
गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी.
"गाडी टाइमवर शे का?"
"टाइमवर आहे, आप्पा."
त्यांचा उजवा हात हवेत थोडा वर,
हिरवा कंदील धरल्यासारखा.

एका रात्री मी खुर्चीत डुलकले.
जाग आली तेव्हा सहा वाजत आलेले,
यार्डात शंटिंगचे धक्के,
खिडकीत केळीच्या ट्रकचा धूर.
आप्पा दोनपासून त्याच कुशीवर.
खुब्यावर रुपयाएवढी लाली.
बोटानं दाबली, सोडली.
गेली नाही.

तक्त्यावर चारची चौकट रिकामी होती.
पेन हातात होतं, बघणारं कुणी नव्हतं.
खाली-वर सगळ्या खुणा माझ्याच अक्षरातल्या,
अजून एक, कुणाला कळणार?

"चारनी गई वाटतं," आप्पा म्हणाले.
ते जागे होते. केव्हापासून, ते मी विचारलं नाही.
"हाक का नाही मारली?"
"तुना डोया लागेल व्हता ना."

मी लिहिलं: चार वाजता कूस बदलली नाही.
उजव्या खुब्यावर लाली, दाबून जात नाही.
सिस्टरना कळवलं. खाली सही.
मग सांगितलं, "आप्पा, आता वळवते,"
हात मांडीवर पुसले,
आणि आधी दुबळा खांदा धरला.