चारशे बारा

अशोक चौकामागं, जकार्डच्या खटखटीवर
एक खोली, एक कूलर, आम्ही तिघं.
प्रश्न एवढाच : चुकांची वही बदलायची का?

वही म्हणजे कागदाची नव्हे. चौदा वर्षांपूर्वी
अंबादास गुंडेटीनं जुनाट कॉम्प्युटरवर चढवलेली यंत्रणा.
‘फणी’तली प्रत्येक चूक तिच्यात नंबर घेऊन बसते :
कुणाला दिसली, कुठल्या मागावर,
मिटली की अजून उघडी.
फणी फुकट आहे, सगळ्यांची आहे,
कागदावरचा मोर चादरीत उतरवते.
कधी मोराला तिसरा पाय फुटतो.
मग कुणीतरी मालेगावहून, इचलकरंजीहून,
एकदा तर थेट तुर्कस्तानातून कळवतं :
पाय जास्त झाला.

शिवलीला म्हणते, बदलूया की.
पान उघडायला चाळीस सेकंद,
तेवढ्यात माणूस चूक विसरून चहाला जातो.
नवी पोरं दारातनंच परत फिरतात.
तिचं खरं आहे. मे महिन्यात
कूलरचं तोंड मी मशीनकडं करतो
आणि आम्ही घामात बसतो.

रफिक म्हणतो, नंबर बदलतील बे.
कोडात एकशे सत्तर ठिकाणी लिहिलंय :
ही ओळ काढू नका, पाहा ४१२.
उद्या ४१२ म्हणून भलतंच काही उघडलं तर?

मी गप्प. रात्री एकट्यानं
सगळं नव्यात ओतलं, नुसतं बघायला.
अकराशे त्रेसष्ट निघाल्या, अकराशे त्रेसष्ट पोचल्या.
खूष झालो. मग नीट पाहिलं :
तेवीस नोंदींत नावाच्या जागी
प्रश्नचिन्हांची रांग.
अक्कलकोट रोडच्या शेडमधली माणसं ती,
बोलायची आमच्याशी मराठीत,
सही मात्र तेलुगूत, घरच्या अक्षरात.

चारशे बारा अंबादासचीच.
‘डाव्या काठाचा शेवटचा धागा सुटतो.
कारण कळलं नाही. तूर्त एक धागा जास्त धरलाय.
सवडीनं बघतो.’
स्थिती : उघडी.
सवड काही त्याला मिळाली नाही.
तो जास्तीचा धागा आम्ही नऊ वर्षं धरून आहोत.

सकाळी म्हणालो, बदलू.
पण नंबर तेच, आणि तेवीस नावं हातानं.
तेलुगू वाचतं कोण इथं?
खाली घडीच्या टेबलावरनं राजमणीअक्का आली,
अंबादासची थोरली बहीण,
पदराला हात पुसत, चष्मा कपाळावर.
एकेक नाव वाचत गेली, मधे चाळीस-चाळीस सेकंद थांबून.
एका नावाशी हसली :
हा स्वतःचं नाव चुकीचंच लिहायचा.
तसंच ठेवा.

मग चारशे बारा.
मी वाचून दाखवलं. तिनं ऐकलं,
रोज शेकडो काठ चाचपणारं बोट
टेबलाच्या कडेवरनं फिरवलं.
म्हणाली, तो धागा काढून बघितला का कुणी,
एवढ्या वर्षांत?

शिवलीलानं रफिककडं पाहिलं, रफिकनं माझ्याकडं.
पान अजून उघडत होतं.