ऐकणारी

उर्मोची लायब्ररी म्हणजे सहाशे ओळी.
तिला कपाटं नाहीत, खिडक्या नाहीत, बटणंही नाहीत.
फाइल उघडते, सांगितलेलं सरकवते, मिटते.
बाकी कशालाही बोट लावत नाही,
हे त्याने पहिल्याच ओळीत लिहून ठेवलंय,
उधारी बंद असल्याची पाटी लावावी तसं.

तार्तूत जानेवारी. दुपारी तीनला दिवे.
संस्थेत मोठा प्रोग्रॅमही होता;
तो उघडेपर्यंत एक कॉफी संपायची,
आणि सातव्या थराशी पोचला की बसकण मारायचा
चिखलात बैल बसावा तसा.
काटा काढायला नांगर कोण आणतं?
उर्मोने सुई केली.

टेप सदुसष्टची, एका सेतो खेड्यातली.
ओगा सांगतेय चीज कसं करतात.
जुनी प्रत सावकाश धावायची, तिच्यावरच सगळी टिपणं.
नवी प्रत योग्य वेगाची,
म्हणून ओगाचा शब्द आपल्या चौकटीतून
निसटत, निसटत,
चाळिसाव्या मिनिटाला अकरा सेकंद पुढे.
'दूध' लिहिलंय तिथे कुत्रं भुंकतं.
'शहाजिरं' लिहिलंय तिथे कुणी शिंकतं.
'माझा भाऊ' या शब्दांवर
चुलीत ओलं लाकूड तडकतं.

एका ओळीची आज्ञा.
तीन हजार नऊशे चौकटी सरकल्या,
प्रत्येक आपापल्या मिलिसेकंदांनी.
कुत्रं कुत्र्याच्या जागी गेलं.
मी टाळी वाजवली, ऑफिसात एकटीच.

मग मला हाव सुटली.
म्हटलं, उर्मो, रिकाम्या चौकटीही काढून टाक ना.
दुसऱ्या थरावर दोनशे बारा आहेत,
थराचं नाव 'ऐकणारी', आत अक्षर नाही,
कुणाचा तरी हात चुकला असणार.
तो कुरकुरला. मग एक फंक्शन लिहिलं.
फाइल चाळीस किलोबाइटांनी सडपातळ झाली.
दिसायलाही बरी.

मार्चमध्ये ओडे आली, ओगाची भाची,
पासष्टीची. बूट दारात काढले,
हेडफोन उलटा घातला, तो सुलटा करू दिला नाही.
पडद्यावर बोट ठेवून ऐकत चालली,
आणि थांबली.
"इथे मी होते ना."
कुठे?
"इथे. आत्या विचारते, कळलं का,
आणि मी मान हलवते.
सात वर्षांची होते. तोंड उघडलंस तर बघ,
मशीनमध्ये आवाज जाईल, असा दम दिलेला."

आमच्या आधी हेल्मी नावाची बाई होती.
तिने ओडेला दोन दिवस शेजारी बसवून घेतलं होतं,
ती म्हणेल तिथे, म्हणेल तेवढी चौकट.
"तेव्हा आठवत होतं," ओडे म्हणाली,
"कुठे हलवली, कुठे नुसतीच बघत राहिले.
आता विचाराल तर नाही सांगता येणार."

मी उर्मोकडे पाहिलं नाही.

जुनी प्रत होती. उर्मोचा माणसांवर विश्वास नाही,
म्हणून नेहमीच असते.
त्या रात्री त्याने एकच शब्द बदलला.
रिकामं काढायचं का, यापुढे
न विचारता 'हो' होतं, तिथे 'नाही' आलं.
आवृत्ती शून्य पूर्णांक चार.
बदलांच्या यादीत कारण म्हणून एवढंच:
ओडेने सांगितलं.

निघताना तिने विचारलं होतं,
तुमचं हे यंत्र केवढं जड?
हलकं आहे, मी म्हटलं, अठरा किलोबाइट.
तिने पिशवीतून फडक्यात बांधलेलं चीज काढलं,
टेबलावर ठेवलं, कीबोर्डला खेटून.
"हे दीड किलो. शहाजिरं जरा जास्त पडलंय बहुतेक,
विचारायला आता कोणी नाही.
तूच सांग."

उर्मोच्या तोंडात घास होता.
त्याने मान हलवली.