पेटी क्रमांक एकशे चाळीस

भोसरीत गुरुवारी वीज नसते.
करवत गप्प, कंप्रेसर गप्प,
शेडच्या मागून तेवढा एक आवाज :
टक्. टक्. टक्-टक्.
मालन ढेंबरे वाकडे खिळे सरळ करतेय.

बारा वर्षं तो आवाज मी ऐकला,
हिशेबात कधी धरला नाही.

आमचा धंदा पेट्यांचा.
गिअर, शाफ्ट, पंप
पाइनच्या लाकडात झोपवून होसूरला पाठवायचे.
तिकडे पेटी फोडतात, चुलीत घालतात.
आम्ही दुसरी करतो.
फुटणं हेच आमचं उत्पन्न.
वडील म्हणायचे, माल टिकला की दुकान बसलं.

बाणेरहून एक सल्लागार आला
हिरव्या रंगाच्या अठ्ठावीस स्लाइड घेऊन.
प्रत्येकीवर एक पान, पानावर एक थेंब.
बाटलीतलं पाणी अर्धंच प्याला,
बिल मात्र पूर्ण पाठवलं.

ती बाटली उचलायला मालन आली
आणि कुणी न विचारता बोलली :
"गॅसची टाकी परत येते, शेठ.
सोड्याची बाटली परत यायची.
लेक दिवाळीला परत येते.
पेटीलाच काय ते माहेर नाही?"

मी हसलो.
रात्री मात्र हसू आलं नाही.

रामप्रीतनं शटरच्या भंगारातून कडी काढली,
बिजागरी बसवली. घडी घातली
की पेटी पाटासारखी सपाट.
खरेदीवाल्या ओगलेसाहेबांसमोर ठेवली.
"म्हणजे विकणार नाही?"
"नाही. फेरीचं भाडं."
"मोडली तर?"
"आम्ही दुरुस्त करू."
"आणि नाही मोडली तर?"
"तर आमचा फायदा."
साहेबांनी चष्मा काढला, पुसला,
पुन्हा लावून माझ्याकडे बघितलं.
तीस वर्षांत असा दुकानदार
बहुधा पहिलाच.

पहिलं वर्षं तोट्यात गेलं, हे लपवत नाही.
अकरा पेट्या पीथमपूरला कोंबड्यांची खुराडी झाल्या.
बँकेचा माणूस विचारी, तुमचा स्टॉक कुठाय?
मी म्हणे, आत्ता? चित्रदुर्गच्या आसपास असेल.
त्यानं कर्जाच्या कागदावर पेन नुसतं फिरवलं.
बायकोची ठेव मोडली.
इंद्रायणीवरचा फेस होता तसाच आहे,
एका शेडनं नदी निवळत नाही.

आणि मालन एके दिवशी समोर उभी राहिली.
"पेट्या फुटणार नाहीत, तर वाकडे खिळे कुठले?
मग मी कुठली?"
याचं उत्तर अठ्ठाविसांपैकी एकाही स्लाइडवर नव्हतं.
माझ्याकडेही नव्हतं.
तिच्याकडे होतं :
परत आलेल्या प्रत्येक पेटीमागे तिला एक रुपया,
आणि तपासायचं काम तिचंच.
मी आठ आण्यांवर घासाघीस केली.
आज लिहिताना लाज वाटते, पण केली.
ती रुपयावरून हलली नाही.

तिनंच प्रत्येक झाकणाच्या आत
सरळ केलेल्या खिळ्यानं एक वही ठोकली.
कुठं गेली, कशी गेली, कळायला नको?
ड्रायव्हर लिहू लागले.
"टायर फुटला. चहा बरा."
"इथं फार ऊन, पेटीच्या सावलीत जेवलो."
"मुलगी दहावी पास. कुणाला सांगू, म्हणून इथं."
भाड्यात हे मोजलेलं नव्हतं.

एकशे चाळीस नंबर
एकतिसाव्या फेरीला दोन दिवस उशिरा आली,
घडी न घालता, उघडीच, आत गोणपाट.
वहीत कानडी मजकूर. कुणालाच वाचता येईना.
लांडेवाडीच्या उडप्याकडे नेली.
गल्ल्यावरच्या अण्णांनी बोट ठेवून वाचलं :
"गोदामात कुत्री हिच्यात व्याली. चार पिल्लं.
डोळे उघडेपर्यंत ठेवणार होतो,
मालक ओरडला. माफ करा."

उशिराला दर दिवशी दंड असतो आमच्यात.
रजिस्टर उघडलं.
कारणाच्या रकान्यात लिहिलं, बाळंतपण.
दंड, शून्य.
शेजारी मालननं सही केली, सावकाश,
आणि हात पुढे केला :
"रुपया?"